छोटी पियानो रचना ऐकवताना: आधी काय तपासावं, काय विचारावं आणि आलेल्या मतांचं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ए मायनरमधली ३२ बारची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन, इथे चार मात्रांचं) पियानो रचना तयार आहे. ताल ४/४, लय मिनिटाला ७२ मात्रा. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली आहे. डाव्या हाताला सुट्या स्वरांतल्या कॉर्ड्स (एकत्र शोभणाऱ्या स्वरांचे गट), उजव्या हाताला सुरावट. चार जणांना ऐकवली, चौघंही ‘छान आहे’ म्हणाले आणि विषय संपला. कामाचा अभिप्राय कसा मिळवायचा, आणि दोघं उलटसुलट बोलले तर कुणाचं ऐकायचं?

‘छान आहे’ म्हणणारा दर वेळी टाळतच असतो असं नाही. बऱ्याचदा त्याला बोट ठेवायला जागाच दिलेली नसते. बारना नंबर नाहीत, ध्वनिफीत सॉफ्टवेअरने वाजवलेली, आणि प्रश्न एकच, ‘कशी वाटली?’ यावर बोलायचं तरी काय? त्यामुळे निम्मं काम रचना पाठवायच्या आधीच करावं लागतं.

लांबीबद्दल आधी सांगून टाकतो. ३२ बार म्हणजे १२८ मात्रा, म्हणजे ७२ च्या लयीत जेमतेम १ मिनिट ४७ सेकंद. ‘छोटीशीच आहे, सांभाळून घ्या’ असं लिहून पाठवू नका. पियानोचा मोठा रचनाकार शोपँ याचं ए मेजरमधलं प्रेल्यूड (छोटी सुटी रचना) १६ बारचं आहे, सी मायनरमधलं १३ बारचं. लहान रचनेत अडचण वेगळीच असते. तिच्यात भरतीचा एकही बार लपत नाही.

पहिली तपासणी हातांची. सॉफ्टवेअर काहीही वाजवून दाखवतं, त्याला बोटं नसतात. बहुतेकांच्या हातात एक सप्तक आरामात बसतं, नववा स्वर अनेकांना पोचतो, दहावा थोड्यांनाच. तुमच्या स्कोअरमध्ये (लिहिलेल्या रचनेत) एकाच हाताला एकाच वेळी वाजवायचे सगळ्यांत खालचे आणि वरचे स्वर पाहा. सप्तकापेक्षा मोठं अंतर दिसलं की खूण करा. ते स्वर एकामागून एक येत असतील आणि पेडल (स्वर लांबवणारा पायाचा खटका) धरलेला असेल तर हरकत नाही. एकदम दाबायचे असतील तर वरचा स्वर उजव्या अंगठ्याला देता येतो का ते बघा, नाहीतर कॉर्ड झरझर उलगडत वाजवण्याची नागमोडी खूण घाला.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे दोन्ही हात एकाच पट्टीवर येणं. डाव्या हाताच्या सुट्या कॉर्ड्स वर चढत मधल्या सी-च्या वरच्या ई-पर्यंत येतात आणि तोच ई उजव्या हाताच्या सुरावटीत धरून ठेवलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन ई सुखाने नांदतात. खऱ्या पियानोवर पट्टी एकच, त्यामुळे धरलेला स्वर सोडून पुन्हा दाबावा लागतो आणि सुरावट तिथे तुटते. अशा जागी डाव्या हाताचा तो स्वर काढून टाका. बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता डाव्या हाताकडे येऊ, कारण अशा रचनांतल्या तक्रारींचा मोठा वाटा तिथूनच येतो. ‘आवाज गढूळ वाटतो’ हे वाक्य तुम्हाला आज ना उद्या ऐकायला मिळणार. त्याची कारणं दोन, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

एक कारण खालच्या पट्ट्यांतली दाटी. ए आणि त्याच्या वरचा सी, हे अंतर मधल्या भागात गोड लागतं. ४४० हर्ट्झचा ए आणि ५२३ चा सी यांच्यात ८३ हर्ट्झचा फरक असतो. हीच जोडी तीन सप्तकं खाली नेली की ए ५५ वर आणि सी सुमारे ६५ वर येतो, फरक उरतो १० हर्ट्झचा. एवढ्या जवळचे दोन स्वर कानाला नीट वेगळे करता येत नाहीत आणि घरघर ऐकू येते. म्हणून मधल्या सी-च्या एक सप्तक खालचा सी ही सीमा धरा. त्याच्या खाली सप्तक आणि पंचमाचं अंतर चालतं, ए–सी सारखी तिसऱ्या स्वराची जवळची जोडी नको. ए मायनर हवा असेल तर खाली ए, त्यावर ई, आणि सी थेट मधला सी. स्वर तेच तीन, पण मोकळे. यात फक्त सी एक सप्तक वर गेला आहे. एवढ्या बदलानेही अर्धा गढूळपणा जातो.

दुसरं कारण पेडल. कॉर्ड दर बारला बदलत असेल तर पायही दर बारला बदलला पाहिजे, आणि तोही नेमक्या क्षणी: नव्या कॉर्डसाठी हात खाली जातो तेव्हा पाय वर येतो, आणि स्वर वाजल्यावर लगेच पुन्हा खाली. पाय आधी उचलला तर मधे फट पडते, उशिरा उचलला तर एफ-ची कॉर्ड जी-मध्ये मिसळून चिखल होतो. सॉफ्टवेअरमध्ये पेडलची खूणच घातली नसेल तर सगळं कोरडं ऐकू येतं. मग तो कोरडेपणा झाकायला स्वर वाढवले जातात, आणि पुढे खरा वादक पेडल घेऊन वाजवतो तेव्हा तेच वाढवलेले स्वर अंगावर येतात. खालचा बास स्वर पेडल बदलल्यानंतरच वाजला पाहिजे हेही पाहा. पहिल्या मात्रेच्या किंचित आधी सजावटीचा स्वर म्हणून तो वाजत असेल तर पेडल बदलताना हरवतो आणि कॉर्डचा पायाच निघून जातो. वरच्या पट्ट्यांबाबत एवढं सांभाळावं लागत नाही. तिथले स्वर लवकर विरतात, आणि अगदी वरच्या साधारण दीड सप्तकाच्या तारांना डॅम्परच (स्वर थांबवणाऱ्या गाद्या) नसतात.

गढूळपणाचं मूळ ओळखायला सोपी चाचणी आहे. तो बार पेडलशिवाय वाजवा. गढूळपणा गेला तर दोष पायाचा, तसाच राहिला तर मांडणीचा.

पियानोचा स्वर दाबल्या क्षणापासून विरत जातो, हेही सॉफ्टवेअरवर काम करताना विसरायला होतं. ७२ च्या लयीत चार मात्रांचा स्वर म्हणजे ३.३ सेकंद. मधल्या पट्टीत तो टिकतो, पण मधल्या सी-च्या दोन सप्तकं वर गेलात की उत्तरार्धात फारसं काही उरत नाही. तिथे धरलेल्या एका स्वरावर आवाज वाढवत नेण्याची खूण केली असेल तर ती पुसा. असं वाजवणं शक्यच नाही. आवाज वाढल्याचा भास हवा असेल तर त्या वेळात डाव्या हाताला किंवा सुरावट आणि बास यांच्या मधल्या ओळीला हालचाल द्या.

नोटेशनचं थोडक्यात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार नंबर हवाच. सुरुवातीला अपुरा बार असेल तर त्याला नंबर देत नाहीत, त्यानंतरचा पूर्ण बार पहिला. कीबोर्डवरून थेट नोंदवलेल्या फाइलमध्ये ए मायनरमधला जी शार्प (जी-च्या अर्धा स्वर वर) कधी कधी ए फ्लॅट (ए-च्या अर्धा स्वर खाली; पट्टी तीच, नाव चुकीचं) म्हणून उमटतो. तो दुरुस्त करा, नाहीतर जाणकार वाचक तिथेच अडकेल आणि पुढचं सगळं संशयाने वाचेल. एका बारमध्ये शार्प केलेला स्वर पुढच्या बारमध्ये साधा असेल तर नियमाने खूण लागत नाही, तरी नॅचरलची, म्हणजे साध्या स्वराची, आठवण-खूण घाला. शोपँच्या वर उल्लेखलेल्या सी मायनर प्रेल्यूडमध्ये तिसऱ्या बारच्या शेवटच्या कॉर्डमध्ये वरचा स्वर ई नॅचरल की ई फ्लॅट, यावर अजून वाद चालतो. १८३९ साली छापलेल्या रचनेतल्या एका फ्लॅटचा हा प्रताप. पाच रेघांच्या एकाच ओळीवर सुरावट आणि मधला आवाज दोन्ही लिहिलेले असतील तर सुरावटीच्या दांड्या वर, मधल्या आवाजाच्या खाली. आणि लय आकड्यात लिहा. ‘संथ’ म्हणजे कुणाला ६० वाटेल, कुणाला ८४.

ध्वनिमुद्रण शक्यतो हाताने वाजवलेलं द्या, एखादा स्वर चुकला तरी चालेल. चूक कुठल्या बारमध्ये झाली ते लिहून टाकलं की झालं. मोबाइल पियानोच्या अंगावर किंवा स्वरलिपीच्या फळीवर ठेवू नका, पट्ट्यांची खडखड आणि लाकडाची थरथर आधी येते. दीड ते दोन मीटर लांब, झाकण उघडं ठेवून, उघड्या बाजूकडे तोंड करून ठेवा. उभ्या पियानोचं वरचं झाकण उघडा. मोबाइलमधली आवाज आपोआप सारखा करणारी सोय बंद करता येईल असं ॲप वापरा. ती चालू राहिली तर अगदी हलका आणि जोरकस भाग एकाच पातळीवर येतात, आणि ‘चढउतार नाहीत’ अशी टीका तुमच्या रचनेवर होते. डिजिटल पियानो असेल तर लाइन आउटमधून आवाज घ्या. बऱ्याच मॉडेलांच्या यूएसबीतून फक्त मिडी (कुठली पट्टी कधी, किती जोरात दाबली याची नोंद) जातं, आवाज जात नाही, हे आधी तपासा. मुद्रणाची पातळी सर्वांत मोठ्या आवाजाला −६ डेसिबलच्या आसपास ठेवा. शेवटचा स्वर पूर्ण विरू द्या आणि मगच थांबवा. तो अर्धवट कापला की ‘शेवट अचानक होतो’ असं कुणीतरी म्हणणारच.

सॉफ्टवेअरचीच ध्वनिफीत द्यायची वेळ आली तर निदान सगळे स्वर एकाच जोराने वाजू देऊ नका. मिडीत स्वराचा जोर १ ते १२७ असा असतो. हलक्या भागात सुरावट ७५–८५ आणि साथ ४५–५५ ठेवली तर गाणारा आवाज वर येतो. दोन्ही ८० वर असतील तर ऐकणाऱ्याला सुरावट साथीच्या गर्दीतून शोधावी लागते.

मग पाठवायचं काय? एक एमपी३, एक पीडीएफ, आणि जो माणूस स्वतः बदल करून दाखवू शकेल त्याला म्युझिकएक्सएमएल फाइल. ती वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. सोबत दोन-तीन ओळींचं टिपण: कुणाच्या हातांसाठी आहे (शिकाऊ की सराईत), काय विचारायचं आहे, किती दिवसांत उत्तर हवं. रचनेमागची भावना मात्र आधी सांगू नका. ‘ही पावसाळी संध्याकाळ आहे’ असं लिहिलंत की ऐकणाऱ्याला पाऊस ऐकू येतोच, आणि तो खरंच स्वरांत आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही.

कुणाला विचारायचं हे प्रश्नावर ठरतं. पियानो वाजवणाऱ्याला विचारा, ‘पहिल्यांदा वाचून वाजवताना हात कुठे अडला?’ संगीत न शिकलेल्या माणसाला स्कोअर देऊच नका. त्याला दोनदा ऐकायला सांगा आणि विचारा, ‘लक्ष कुठे उडालं? किती मिनिटं, किती सेकंदांवर?’ मग थोड्या वेळाने सुरावट गुणगुणायला सांगा. तो जे गुणगुणतो ते तुमच्या रचनेचं खरं मुख्य वाक्य, तुम्ही दुसरंच कुठलं मानत असलात तरी. रचना करणाऱ्या माणसाला एखाद्याच जागेबद्दल विचारा: ‘१६ मधून १७ मध्ये जाताना काही नवीन सुरू झालं असं वाटतं का?’ सुरुवातीला तिघं-चौघं पुरेत. सगळ्यांना एकदम विचारून बसू नका. नवीन कान दुरुस्त आवृत्तीसाठीही लागणार आहेत.

आता आलेल्या मतांचा अर्थ लावणं. इथे बहुतेक नवे रचनाकार घसरतात. ऐकणारा जागा सहसा बरोबर दाखवतो, पण सुचवलेला उपाय त्याच्या आवडीतून येतो. म्हणून प्रत्येक मत दोन रकान्यांत लिहा: कुठे खटकलं, आणि त्याने काय करायला सांगितलं. पहिला रकाना गंभीरपणे घ्या. दुसरा वाचा आणि बाजूला ठेवा.

उदाहरण घेऊ. तुमच्या वर्णनावरून कॉर्ड्स ए मायनर, एफ, सी, जी अशा असाव्यात. या शैलीत ही साखळी फार दिसते. एका बारला एक कॉर्ड धरली तर ३२ बारमध्ये तिची आठ आवर्तनं होतात. ऐकणारा विसाव्या बारच्या आसपास म्हणेल, ‘कंटाळा आला, सुरावट बदला.’ सुरावट बदलून उपयोग होणार नाही, कारण कान बासला कंटाळला आहे. १७ ते २४ या आठ बारमध्ये कॉर्ड बदलण्याचा वेग बदलून पाहा: दोन बारला एक, किंवा एका बारला दोन. किंवा बास पायऱ्यांनी उतरवा, ए, जी, एफ, ई. त्यावर ए मायनर, मग जी बासवर सी-ची कॉर्ड, मग एफ, मग ई मेजर. सुरावटीला हात न लावता तो भाग वेगळा वाटू लागतो. सुरावटीचा एखादा स्वर ई मेजरशी भांडेल, बहुधा जी नॅचरल. तिथे तेवढाच स्वर बदला.

‘शेवट झाल्यासारखा वाटत नाही’ याचंही मूळ अनेकदा त्याच साखळीत असतं. जी-वरून ए मायनरवर येताना ओढ कमी असते, कारण जी नॅचरल ए-पासून पूर्ण स्वर लांब आहे. ३१ व्या बारमध्ये ई सेव्हन्थची कॉर्ड (ई, जी शार्प, बी, डी) घाला. त्यातला जी शार्प अर्ध्या स्वराने ए-कडे खेचतो. पण हा जी शार्प आधी तीनदा वापरून झाला असेल तर शेवटी त्याची ताकद उरत नाही. तेव्हा तो राखून ठेवा.

‘कुठे पोचतच नाही’ असं कुणी म्हटलं तर सुरावटीतला सर्वांत वरचा स्वर शोधा आणि तो किती वेळा येतो ते मोजा. पहिल्या आठ बारमध्येच तो तीनदा येऊन गेला असेल तर पुढे चढायला जागाच राहिलेली नाही. तो २०–२४ च्या आसपास एकदाच येईल असं करून पाहा. आधीच्या जागी एक-दोन स्वर खाली थांबा. ‘दर थोड्या वेळाने थांबल्यासारखं होतं’ याचा अर्थ बहुधा प्रत्येक चौथ्या बारला सुरावट लांब स्वरावर बसते आणि डावा हातही तिथेच श्वास घेतो. दोघांपैकी एकाला चालत ठेवा.

समांतर पंचमांवरची (दोन आवाज पंचमाचं अंतर राखून सोबत सरकण्यावरची) टीका एखादा शिकलेला माणूस हमखास करेल. चार स्वतंत्र आवाज चालवत असाल तर ती बरोबर आहे, दोन आवाज एकमेकांत विरघळून एकच होतात. डाव्या हाताच्या सुट्या कॉर्ड्समध्ये मूळ स्वर आणि पंचम दर बारला सोबत सरकत असतील तर ती साथीची जाडी आहे, चूक नव्हे. बासला सप्तकाने दुहेरी करणं तर पियानोची रोजचीच गोष्ट.

‘हे अमुक गाण्यासारखं वाटतं’ असं ऐकलं की घाबरू नका, पण उडवूनही लावू नका. कॉर्ड्सचा क्रम सारखा असेल तर काही बिघडत नाही, तो कुणाच्या मालकीचा नाही. सुरावटीचे स्वर आणि त्यांची लय दोन्ही सलग दोन-तीन बार जुळत असतील तर तो भाग बदलाच. तुमच्या बाजूने बोलायचं तर बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराप्रमाणे सदस्य देशांत रचनेवरचा हक्क नोंदणीवाचून मिळतो. तरी प्रत्येक आवृत्तीची तारखेसह फाइल जपून ठेवा.

मतं परस्परविरोधी आली तर आधी जागा जुळते का पाहा. एक म्हणतो ‘१७ ला फार अचानक बदललं’, दुसरा म्हणतो ‘१७ ला काहीच घडलं नाही’. दोघांचं बोट एकाच बारवर आहे, म्हणजे सांधा कच्चा आहे. तो बहुतेक वेळा १७ मध्ये नसतो, १५–१६ मध्ये असतो, जिथे पुढच्या भागाची चाहूल द्यायला हवी होती. जागा वेगवेगळ्या असतील आणि प्रत्येक जागेबद्दल एकेकच बोलला असेल, तर ती आवड समजा. तो बार तुम्हाला स्वतःला आवडत असेल तर राहू द्या. एक अपवाद: वादक ‘हात पोचत नाही’ म्हणाला तर तो एकटा असला तरी बदला.

उत्तर देताना बचाव करू नका. ‘मला तसंच हवं होतं’ असं लिहिलंत की समोरचा पुढचं दुसरं निरीक्षण गिळून टाकतो. उलट विचारा, ‘कुठल्या बारपासून?’ एवढ्याने ‘जरा विस्कळीत आहे’ हे मोघम वाक्य ‘११ पासून डावा हात वेगळाच काहीतरी करतो’ इतकं नेमकं होतं.

दोन-तीन दिवस रचना बाजूला ठेवून मग दुरुस्तीला बसा. एका आवृत्तीत एकाच प्रकारचा बदल करा: आवृत्ती २ मध्ये फक्त डावा हात, ३ मध्ये मधला भाग. सगळं एकदम बदललं की सुधारणा कशाने झाली ते समजत नाही, आणि बिघडलं तर मागे जाता येत नाही. दुरुस्त आवृत्ती जुन्या ऐकणाऱ्यांपैकी एकाला आणि अगदी नव्या दोघांना द्या. जुन्याला दोन्ही फिती पाठवा, नावं नुसती ‘क’ आणि ‘ख’ ठेवा, कुठली नवी ते सांगू नका. नव्यांना एकच द्या, आणि पहिल्या वेळचाच प्रश्न शब्दही न बदलता विचारा. लक्ष उडण्याची वेळ, आधी समजा ५८ सेकंद होती, तिथून पुढे सरकली किंवा नाहीशी झाली, तर १७ व्या बारचं काम झालं. त्याच जागी राहिली, तर पुन्हा १५ आणि १६ कडे.